अण्णांची दुनळी पहिल्यांदा वाजवायच्या आधी

आमच्या अण्णांची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, माझ्या नावावर झाली आणि ती मी पहिल्यांदा वाजवली, या दोन्हीच्या मध्ये साडेतीन महिने गेले. गावात सगळे म्हणायले, एवढा उशीर कशाला, बंदूक घरचीच आहे, अण्णांनी पस्तीस वर्षं वाजवली, दोन काडतुसं टाक आन जा रानात. खरं सांगायचं तर परवान्याचं पुस्तक हातात आलं त्या दिवशी माझ्यापण मनात तेच होतं. पण तसं केलं असतं तर आज हे टाइप करायला दोन्ही हात शिल्लक असते का नाही सांगता येत नाही, म्हणून जे जे झालं ते सगळं लिहून काढायलो. ज्यांच्या घरात वडिलांची, आजोबांची अशी बंदूक भिंतीवर नाहीतर पेटीत पडून आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव कंधार तालुक्यात, रान मन्याड नदीच्या अंगाला. बंदूक मूळ आजोबांची. त्यांच्या काळात इकडं निजामाचं राज्य, आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 ला मोकळा झाला, त्यामुळं आजोबांचा पहिला परवाना उर्दूत आहे, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, अण्णांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. पुढं 1959 चा शस्त्र कायदा आला आणि नवीन पुस्तकं झाली. मग आजोबांकडून अण्णांकडं, आणि अण्णा 2021 ला गेले तेव्हा माझ्याकडं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही, उशीर न करता पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या विक्रेत्याकडं जमा करावी लागते, कायद्याचं कलम 21 आहे. आम्ही तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी जमा केली. मग वारस म्हणून माझा अर्ज, दोन्ही बहिणींची संमती, डॉक्टरचं सर्टिफिकेट, पोलिसांची चौकशी, बंदूक सुरक्षित वापरायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. सगळं झालं आणि एका आकड्यावर गाडी अडली. उर्दू परवान्यावर बंदुकीचा नंबर उर्दू आकड्यांत होता, आणि उर्दूतला दोन आणि तीन दिसायला इतके सारखे की तीनला फक्त एक दात जास्त. कुठल्यातरी वर्षी कुणीतरी नक्कल करताना दोनाचा तीन केला आणि तोच पुढं पुस्तकात चालत आला. नळीवर दोन कोरलेला, कागदावर तीन. नंबर जुळत नसेल तर ती बंदूक कागदोपत्री तुमची नाहीच. म्हणून तपासणी इथून सुरू करा, आधी नंबर बघा, नळीवरचा, खालच्या लोखंडावरचा आणि पुस्तकातला, तिन्ही एकमेकांशी ताडून.

आता खरी गोष्ट.

बंदूक घरी आणली तेव्हा माझा थोरला मुलगा म्हणला पप्पा उघडून दाखवा. मी खटका दाबला, नळ्या खाली झुकल्या, पण निम्म्यातच अडकल्यासारखं झालं, जोर लावला तेव्हा पूर्ण उघडली. काडतूस नव्हतं आत. मुलगा म्हणला रिकामी आहे. मीपण म्हणलो रिकामी आहे. तेवढ्यात सहज म्हणून नळ्या खिडकीकडं धरून मागून आत बघितलं. डाव्या नळीतून उजेडाचा गोल दिसला. उजव्या नळीतून काहीच नाही. काळं. मला वाटलं डोळा नीट लावला नाही, परत लावला, तरी काळंच.

बल्ब लावून पुढच्या तोंडातून बघितलं तर चार बोटं आत माती. वाळलेली, गोल, लिंपल्यासारखी. कुंभारीण माशीचं घर. अण्णा अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणावर होते, बंदूक माडीवरच्या खोलीत दोन खुंट्यांवर आडवी, नळीचं तोंड खिडकीकडं, आणि त्या माशीला असलंच भोक लागतं. पुढं ठाण्यातून आणली तेव्हापण बाहेरून बघितलं, आतून कुणीच बघितलं नव्हतं. मी वायरनं थोडं टोकरलं तर मातीच्या कवचातून आतल्या वाळलेल्या अळ्या आणि कोळ्याचे पाय पडले फरशीवर. पेरूएवढी माती नव्हती ती, बोर असतं ना गावरान, तेवढी. पण तेवढीच पुरे होती. मागून काडतूस फुटतं तेव्हा छऱ्यांना पुढं जायला वाट मोकळी पाहिजे, वाटेत मातीचा बोळा असला की दाब तिथं कोंडतो आणि नळी त्या जागी फुगते नाहीतर फाटते. आणि बारा बोअरला डावा हात नेमका नळीच्या खालीच धरलेला असतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा बाजूला उभा असता.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की ही आता जाणत्या माणसानं बघितल्याशिवाय काडतुसाच्या जवळ न्यायची नाही. शेजारच्या गावातले एक ओळखीचे, त्यांनी सल्ला दिला की अमक्या गावात एक लोहार आहे तो बंदुकीचं सगळं काम करतो, नवीनसुद्धा बनवून देतो पाइपाची, स्वस्तात, कुणाला कळत नाही. मी त्यांना हात जोडले. एक तर बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो, कुणीही करायचं काम नाही ते, आणि विनापरवाना बनवायला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कायद्याचं सोडा. नळाच्या पाइपाला कुणी दाब देऊन तपासलेलं नसतं. कारखान्यातली बंदूक बाहेर पडायच्या आधी नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त ताकदीचं काडतूस घालून वाजवून बघतात, तिला काही झालं नाही तरच शिक्का मारतात, त्याला प्रूफ म्हणतात. घरी केलेल्या बंदुकीचं प्रूफ तिच्या मालकाच्या तोंडासमोरच होतं. आमच्या पंचक्रोशीत एका माणसाला उजव्या हाताला तीन बोटं आहेत आणि तो ती कशानं गेली हे कुणाला सांगत नाही, पण सगळ्यांना माहिती आहे.

जिल्ह्याच्या गावी एक म्हातारे कारागीर आहेत, विक्रीचा, दुरुस्तीचा आणि टेस्टिंगचा रीतसर परवाना असलेले, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी बंदूक केसमध्ये घालून, पुस्तक सोबत घेऊन गेलो. काउंटरवर केस ठेवली तर त्यांनी हात लावला नाही. म्हणले, "पहिले कागद दाखवा सर, बंदूक नंतर." पुस्तक वाचलं, नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला, मग केस उघडली. बंदूक उचलताना तोंड भिंतीकडं, भिंतीला वाळूची पोती लावलेली. मी म्हणलो चाचा रिकामी आहे. ते म्हणले, "तुम्ही सांगितलं ते ऐकलं. आता बंदूक काय सांगते ते बघू द्या." आणि उघडून, डोळ्यानं बघून, वर करंगळी घालून बघितली दोन्ही घरांत, घर म्हणजे नळीच्या मागं काडतूस बसतं ती जागा. पुढं दोन तासांत ती बंदूक दहा वेळा तरी त्यांच्या हातातून खाली ठेवली गेली आणि परत उचलली, दरवेळी पहिली करंगळी. दहाच्या दहा वेळा. मी ते मोजलं. आता मीपण तसंच करतो, मुलगाही करतो.

पहिल्यांदा त्यांनी नळ्या वेगळ्या काढल्या, पुढचं लाकूड काढलं, आणि नळ्यांच्या खालचा हुक एका बोटावर अडकवून नळ्या हवेत लोंबकळत्या ठेवल्या. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं हळूच टक् केलं. देवळातली छोटी घंटा वाजावी तसा आवाज आला, लांबपर्यंत गेला. चाचांचा चेहरा खुलला. दोन नळ्या एकमेकांना मधल्या पट्टीनं झाळलेल्या असतात, ती झाळ कुठं सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, आणि मग आत पाणी जाऊन गंज धरतो, बाहेरून काही दिसत नाही.

मग नळ्या खिडकीकडं धरल्या. खिडकीच्या चौकटीची सावली नळीच्या आत एक सरळ रेघ होऊन पडते, नळी हळूहळू फिरवायची, रेघ जिथं वाकडी होते, मोडते, तिथं आत काहीतरी आहे. पोचा असला तर एका बाजूनं मोडते, फुगवटा असला तर अंगठीसारखी गोल सावली दिसते सगळीकडून. मला त्यांनी बघायला लावलं. अर्धा तास लागला मला ती रेघ नुसती दिसायला, पण एकदा दिसली की दिसली. डावी नळी सरळ. उजव्या नळीत माती होती त्या जागी गंजाचे ठिपके, देवीच्या वणासारखे. चाचांनी सुती चिंधी, पितळी ब्रश, तेल, असं चार दिवस थोडं थोडं करून साफ केलं आणि मग गेजनं नळीची जाडी मोजली, ठिपक्यांच्या जागी खास. सगळ्यात पातळ जागेला वीस थाऊच्या वर भरली, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या वर. त्याच्या खाली असती तर ते हातच लावणार नव्हते. घासून घासून नळी चकचकीत करणाऱ्यांसाठी हे सांगायलो, प्रत्येक घासण्यात लोखंड जातं आणि ते परत येत नाही. जुन्या कारागिरांनी वणं घालवायसाठी नळी आतून इतकी घासलेली असते की आरशासारखी दिसते आणि कागदासारखी झालेली असते.

शिक्के वाचायचं काम मला सगळ्यात आवडलं. नळ्यांच्या खालच्या सपाट जागेवर बारीक बारीक खुणा असतात, बंदूक बंद असली की दिसतच नाहीत, अण्णांनीपण कधी बघितल्या नसाव्यात. भिंग लावलं तर अंडाकृतीत ईएलजी अशी अक्षरं. चाचा म्हणले बेल्जियम, लीएज शहर. मग एक उभा सिंह आणि खाली पीव्ही. "ये शेर है ना, म्हणून आपण बोलायलो. शेर नसता तर मी तुम्हाला भिंतीवर लटकवा म्हणलो असतो." सिंहाचा शिक्का म्हणजे धूर न करणाऱ्या, नव्या जातीच्या दारूसाठी बंदूक तपासलेली आहे. बेल्जियमच्या बंदुकीवर तो नसेल तर काळ्या दारूच्याच जमान्यातली समजायची, आणि आज बाजारात मिळणारं नेहमीचं काडतूस तिच्यासाठी नाही. त्यांच्याकडं एक तसली होतीपण दुरुस्तीला आलेली, नळीवर पाण्याच्या लहरीसारखी सुंदर नक्षी, लोखंड आणि पोलाद पिळून केलेली. मालक ती वाजवायची म्हणून हट्ट धरून बसलेला. चाचांनी काम घेतलं नाही.

आणि मग घराची लांबी. इथं मला आयुष्यातला मोठा धक्का बसला.

मी घरून अण्णांचा काडतुसांचा डबा नेला होता, परवान्यावर नोंद असलेला, बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात नऊ काडतुसं उरलेली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान, छरे चार नंबरचे आणि बीबी मापाचे. अण्णा आयुष्यभर हीच वापरायचे. चाचांनी नळीच्या मागं गेज घातलं, आत गेलं, एका खुणेवर थांबलं. परत घातलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "वालिद साहेब कोणती वापरायचे?" मी डबा पुढं केला. त्यांनी एक काडतूस उचलून बाजूचं छापील वाचलं. 70 मिलिमीटर. गेजवर 65.

मला काही कळलं नाही. मी म्हणलो चाचा ही तर बरोबर बसतात, हे बघा. त्यांनी व्हर्नियर आणला आणि काडतूस मोजलं, 58 च्या थोडं वर. सत्तर कुठाय मग? त्यांनी काडतुसाच्या तोंडावरची घडी दाखवली, शिवणीसारखी आत दुमडलेली. "ही घडी वाजल्यावर उघडते ना. बंद आहे तोपर्यंत 58. उघडली की 70." सत्तर हा आकडा वाजल्यानंतरचा आहे. म्हणजे 65 च्या घरात ते काडतूस आरामात बसतं, बंदूक व्यवस्थित बंद होते, कुठंच अडत नाही, आणि वाजताना घडी उघडायला पुढं जागा नाही, ती घराच्या पुढच्या निमुळत्या जागेत घुसते, छऱ्यांची वाट आवळली जाते, दाब वाढतो, धक्का वाढतो. एकाच वेळी फुटेल असं नाही. पण दरवेळी सांधे ढिले व्हायलेत.

माझ्या डोळ्यासमोर माय आली. अण्णा रात्री जागल करून आले की माय त्यांच्या उजव्या खांद्याला गरम हळद लावायची. निळा पडायचा खांदा. अण्णा म्हणायचे ही बंदूक लै धरते, जोरकस आहे, बेल्जियमची आहे. आम्हा पोरांना त्याचा अभिमान होता, आमच्या अण्णांची बंदूक लाथ मारते म्हणून. ती बंदूक पस्तीस वर्षं सांगायली होती की हे काडतूस माझं नाही, आणि आमच्यात ते ऐकायला येणारं कुणी नव्हतं. अण्णांना कुणी शिकवलं नाही, दुकानदारानं विचारलं नाही, काडतुसावर लिहिलेलं होतं पण बंदुकीच्या घराची लांबी कुठं लिहिलीय हे कुणालाच माहिती नव्हतं. मी दुकानाच्या बाहेर जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो. चाचांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत काहीच बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

चहानंतर सांधा. पुढचं लाकूड लावलेलं असलं की त्याच्या स्प्रिंगमुळं ढिलेपणा लपतो, म्हणून ते काढून बंदूक बंद करायची आणि नळ्या हलवून बघायच्या. खुट् असा बारीक आवाज आला, मलापण जाणवला. मग त्यांनी तेलाचा दिवा लावला आणि नळ्यांच्या मागच्या तोंडावर काजळी धरली, पोरांच्या डोळ्यात घालायला धरतो तशीच. बंदूक बंद केली, उघडली. समोरच्या पोलादी पाटीवर काजळीचा ठसा गोल पूर्ण उठायला पाहिजे, आमच्या बंदुकीचा खालच्या बाजूलाच उठला, चंद्रकोरीसारखा, वरती कोरंच. म्हणजे वर फट आहे. केसाएवढी, पण आहे. वाजताना तिथून गरम वायू मागं येणार, आणि मागं आपला चेहरा असतो. याचं काम त्यांनी केलं, बिजागरीची पिन नवीन बसवली, घासून जुळवली, वीस-बावीस दिवस घेतले. परत काजळी लावली तेव्हा मला मुद्दाम बोलावून दाखवलं, दोन्ही गोल पूर्ण, पुनवेसारखे.

आतल्या यंत्राचं काय सांगू. बाजूच्या पट्ट्या काढल्या तर आत डिंकासारखं काळंपिवळं थर. चाचांनी नखावर घेऊन वास घेतला आणि मला दिला. हळद. हळद, कुंकू आणि गोडतेल. आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रपूजा असते, कोयता, कुऱ्हाड, विळा आणि मधोमध बंदूक, माय तिला हळदकुंकू वाहायची, वर झेंडूचं फूल, आणि अण्णा आदल्या दिवशी चांगलं हात भरून गोडतेल पाजायचे तिला, मायेनं. ते तेल वर्षानुवर्षं वाळून चिकट झालं आणि कुंकवानं ओल धरून ठेवली. उघडताना निम्म्यात अडकायची ती यामुळं. डावा घोडा, म्हणजे काडतुसाची टिकली फोडणारा भाग, पूर्ण मागं ओढला की हलक्या धक्क्यानंपण सुटायचा, तो अडकून राहतो ती खाच झिजलेली होती. हे कसं कळलं तर रिकामी बंदूक, घरात नकली काडतुसं, घोडे चढवून, दस्ता रबराच्या जाड मॅटवर ठपकन आपटायचा. चाप न ओढता घोडा पडला तर नापास. डावा पडला. रानात बांध ओलांडताना पाय घसरला असता तर एवढंच पुरलं असतं. खाच दुरुस्त झाल्यावर तीच टेस्ट वीस वेळा, आणि चाप किती जोरानं सुटतो ते काट्याला अडकवून मोजलं, पुढचा पावणेदोन किलोच्या आसपास, मागचा थोडा जास्त. एक चाप ओढला तर दुसरा घोडा पडत नाही ना हेपण बघितलं. दस्त्याच्या मानेला, हात धरतो तिथं, केसासारखी चीर होती, तेल मुरून काळी झालेली, तीपण सांधली.

अण्णांची ती नऊ काडतुसं मी चाचांकडंच जमा केली, रीतसर नोंद करून. त्यातल्या दोनांची कड फुगलेली होती, पितळ हिरवं पडलेलं. दमट झालेलं काडतूस फुटत नाही असं नाही, ते अर्धवट फुटतं, फुस्स आवाज येतो, छरे थोडे पुढं जातात आणि आतला बोळा नळीतच अडकतो. माणसाला वाटतं फुसकं निघालं, तो दुसरं टाकतो. मग तीच गोष्ट, कुंभारणीच्या मातीची. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला की थांबायचं, उघडायचं, नळीतून आकाश बघायचं. आणि एक गोष्ट यातलीच, घरात वीस बोअरची बंदूक असेल तर तिची काडतुसं बारा बोअरच्या डब्यात कधी ठेवू नका, वीसचं काडतूस बाराच्या घरातून पुढं सरकून नळीत अडकतं, घर मोकळं दिसतं, वरून बाराचं बसतं. म्हणूनच वीस बोअरची पिवळ्या रंगाची करतात.

आता पहिला बार काढायचा दिवस. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आधीचा रविवार होता. चाचांच्या टेस्टिंगच्या जागेवर गेलो, माळावर, पुढं उंच मातीचा बंधारा, मागं माणूस नाही, जनावर नाही, बघायला एक पोरगा कडेला उभा केलेला. काडतुसं 65 ची, हलक्या भाराची, सहा. डोळ्याला चष्मा, कानाला मफ, दोघांना. बंदूक खांद्याला लावायची नव्हतीच. एका लाकडी घोडीवर जुनी टायरं बांधलेली, त्यात दस्ता टेकवून बंदूक आवळली, सांध्याभोवती पांढरा कागद गुंडाळला, एकाच नळीत एकच काडतूस, चापाला दोरी, आणि आम्ही दोघं मातीच्या भिंतीमागं. चाचांनी दोरी माझ्या हातात दिली आणि मग एकदम धरली. म्हणले, "वाजली नाही तर काय करणार?" मी म्हणलो जाऊन बघणार. ते म्हणले, "नक्को. जागेवर पूर्ण एक मिनिट मोजायचा. कधी कधी उशिरा वाजते." हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं, तरी त्या वेळी तोंडातून चुकीचंच आलं. परत विचारलं, बरोबर सांगितलं, मग हात सोडला.

ओढली. माळावर आवाज घुमला आणि पलीकडच्या बाभळीतनं सगळे बगळे उठले. पळत जावंसं वाटलं पण चाचा सावकाश गेले. उघडून रिकामं काडतूस काढलं, बुडाची टिकली बघितली, चपटी झालेली नाही, भोक पडलेलं नाही, पितळ चिरलेलं नाही. नळीतून आकाश बघितलं. सांध्यावरचा कागद उलगडला, पांढराच, कुठं काळा डाग नाही. मग दुसरी नळी. मग परत पहिली, परत दुसरी. चार झाल्यावर बंदूक सोडवली, गेज काढलं, तिथंच बोनेटवर ठेवून नळ्या परत मोजल्या, काजळी परत धरली. सकाळच्या वहीतले आकडे आणि आत्ताचे आकडे, फरक नाही.

मग म्हणले, आता तुमची.

मी दस्ता खांद्यात बसवला. गाल लाकडाला लागला तेव्हा त्या लाकडाला एक खोलगट जागा आहे हे कळलं, अण्णांचा गाल तिथंच लागत असणार, पॉलिश उडालेलं. चाप ओढला. आवाज मोठा, पण धक्का, धक्का काहीच नाही, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून बाजूला सरक म्हणावं तेवढाच. मी बंदूक उघडून, करंगळी घालून खाली ठेवली आणि चाचांना म्हणलो, ही तर मारत नाही. ते म्हणले, ती कधीच मारत नव्हती.

घरी आल्यावर मायनं पहिलं माझा शर्ट बाजूला करून खांदा बघितला. हळद गरम करून ठेवली होती वाटीत. काही नव्हतं खांद्यावर. मी तिला घडीचं, 65 चं, सगळं सांगितलं, ती ऐकत राहिली, म्हणली मग त्यांना कुणी सांगितलं काऊन न्हाई. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बंदूक आता भिंतीवर नसते, कुलपाच्या लोखंडी कपाटात असते, काडतुसं वेगळ्या कपाटात, किल्ल्या दोन जागी. रानडुकरांचा त्रास आहेच, हरभऱ्यात रोही येतात, पण ती मारायची तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती नसताना मी कुठल्याच जनावरावर ती धरत नाही, वन्यजीव कायदा 1972 पासून आहे. चाचांनी चापाच्या कडीला दोऱ्यानं एक पितळी बिल्ला बांधून दिलाय, त्यावर छिन्नीनं नुसतं 65 कोरलंय, मुलाच्या काळातपण वाचता यावं म्हणून. आणि यंदाच्या खंडेनवमीला मायनं कोयत्याला, कुऱ्हाडीला नेहमीसारखं हळदकुंकू लावलं, बंदुकीशी आली, थांबली, आणि शेजारी एक विड्याचं पान ठेवून त्या पानाला कुंकू वाहिलं. झेंडूचं फूलपण पानावरच.